जुन्या गाडीचे पुढचे शॉकअप: आधी पाईप बघा, मग ऑइलचा नंबर

"मिस्तरी, पुढचे शॉकअप लई बसायलेत, जरा जाड ऑइल टाका." लातूर असो, परभणी असो की जालना, जुनी बुलेट, येझदी किंवा आरएक्स १०० घेऊन गॅरेजला आलेला माणूस हमखास हेच सांगतो. मिस्तरीही फार खोलात जात नाही. शेल्फवरच्या वीस-चाळीसच्या डब्यातलं इंजिन ऑइल दोन्ही पायांत ओततो, हँडल धरून गाडी चार वेळा दाबून दाखवतो. हाताला खरंच घट्ट लागते. गिऱ्हाईक खूश होऊन जातं. पुढे स्पीडब्रेकरवर मनगटं ठणकायला लागली की तो रस्त्याच्या नावाने बोटं मोडतो. आपले रस्ते त्या लायकीचे आहेतच, पण यातला बराचसा दोष त्या डब्याचा असतो.

सगळ्या घोळाचं मूळ एवढंच आहे की ऑइलकडून आपण स्प्रिंगचं काम मागतो. ते काम ऑइलला जमत नाही, कधीच जमणार नाही. ऑइलचं काम वेगळं आहे, आणि ते कळलं की कोणतं घ्यायचं हा प्रश्न निम्मा सुटतो. उरलेला निम्मा प्रश्न ऑइलचा नसतोच. तो पाईप, सील आणि स्प्रिंगचा असतो.

आत काय असतं

पुढच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना जे पाय दिसतात (दोन्ही मिळून फोर्क), त्या प्रत्येकात दोन नळ्या असतात. वरची चकचकीत, क्रोम केलेली पोलादी नळी म्हणजे फोर्क पाईप. ती वरच्या आणि खालच्या 'टी'मध्ये, म्हणजे दोन्ही पाय एकत्र धरणाऱ्या हँडलखालच्या आडव्या तुकड्यांत, आवळलेली असते. खालची जाड, बहुधा ॲल्युमिनियमची नळी म्हणजे बॉटम. चाकाचा एक्सल तिच्या टोकाला बसतो, आणि खड्डा आला की बॉटम पाईपवर वर सरकतो. पाईपच्या आत लांब स्प्रिंग. स्प्रिंगच्या खाली, बॉटमच्या बुडाला एका एलन (सहाकोनी खाचेच्या) बोल्टने धरलेला पोकळ दांडा, त्याला डँपर रॉड म्हणतात. त्या दांड्याला मोजकी छिद्रं असतात. बॉटमच्या तोंडाशी ऑइल अडवणारं रबरी ऑइल सील, त्याच्यावर धूळ अडवणारं डस्ट सील. आणि या सगळ्यात ऑइल. शंभर ते साडेतीनशे सीसीच्या जुन्या गाड्यांत ते एका पायात साधारण सव्वाशे ते सव्वादोनशे मिली बसतं. तुमच्या गाडीचा नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात बघावा. मिस्तरीच्या आठवणीवर तो सोडू नये.

डेन्मार्कच्या निंबस कंपनीने १९३४ साली अशा सरकत्या नळ्यांचा फोर्क गाडीला दिला, पण त्यात ऑइलने वेग आवरण्याची सोय नव्हती. ती बीएमडब्ल्यूने १९३५ साली आर १२ या गाडीवर आणली. नुसत्या स्प्रिंगवर गाडी चालते, पण खड्ड्यातून बाहेर आल्यावरही नाचत राहते. दाबलेल्या स्प्रिंगने साठवलेली ताकद कुठेतरी जिरली पाहिजे. ऑइल त्या छिद्रांतून घुसताना ती ताकद उष्णतेत जिरवतं.

हे हाताने समजून घ्यायचं असेल तर औषधाच्या दुकानातून एक सिरिंज आणा, सुई न लावता पाणी भरा आणि दट्ट्या हळू दाबा. सहज जातो. आता झटक्यात दाबा. हात अडतो. छिद्र तेच, पाणी तेच, फक्त वेग बदलला. छिद्रातून जाणाऱ्या द्रवाचा वेग दुप्पट झाला की विरोध जवळजवळ चौपट होतो. गावाच्या वेशीवरचा उंच स्पीडब्रेकर तुम्ही चाळीसने घेतला आणि मनगटात कळ आली, तर त्यामागे हेच गणित आहे. त्या क्षणी फोर्क दाबला जाण्याआधीच ऑइल अडून बसतं आणि धक्का सरळ हँडलला येतो.

म्हणून हे पक्कं धरून चला की उभ्या गाडीचं वजन स्प्रिंग पेलते. ऑइल फक्त सरकण्याचा वेग आवरतं. गाडी स्टँडवरून उतरवली, तुम्ही बसलात आणि पुढून जास्तच खाली गेली, तर दोष स्प्रिंगचा आहे. तिथे मधासारखं ऑइल ओतलं तरी गाडी तितकीच खाली जाईल, फक्त सावकाश जाईल.

जाड ऑइलने गाडी आणखी कशी बसते, हेही बघण्यासारखं आहे. नोव्हेंबरात साखर कारखाने सुरू झाले की उसाच्या ट्रॉल्यांनी रस्त्याला आडव्या लाटा पडतात. पहिल्या लाटेवर फोर्क दाबला गेला. ऑइल जाड असल्याने तो परत वर यायला वेळ लावतो. पूर्ण वर येण्याआधी दुसरी लाट येते, मग तिसरी. दर लाटेला फोर्क थोडा खालीच अडकत जातो आणि पाच-सहा लाटांनंतर त्याच्याकडे दबायला जागाच उरत नाही. मग 'ठक' असा आवाज येतो, आणि मालक म्हणतो की ऑइल अजून जाड पाहिजे होतं.

नंबर कशाचा

आता डब्यावरचा आकडा. इंजिन ऑइलच्या १० डब्ल्यू, २० डब्ल्यू अशा नंबरांना एक ठरलेलं मानक आहे आणि सगळ्या कंपन्या ते पाळतात. फोर्क ऑइलच्या नंबरांना तसं बंधन नाही. कंपनी आपल्या मनाने ५, १०, १५, २० असे आकडे छापते. त्यामुळे एकाचं १० डब्ल्यू दुसऱ्याच्या १० डब्ल्यूपेक्षा दीडपट दाट निघू शकतं, आणि एखाद्याचं १० दुसऱ्याच्या १५ च्या शेजारी जाऊन बसतं.

खरा आकडा सेंटिस्टोकमध्ये असतो, आणि तो ४० अंश सेल्सियसला मोजलेला असतो. ऑइल किती सहज वाहतं याचं ते माप आहे. आकडा जितका मोठा तितकं ऑइल दाट. हा आकडा डब्यावर क्वचित असतो, पण कंपनीच्या माहितीपत्रकात हमखास सापडतो. ऑइल घेण्याआधी मोबाइलवर तेवढं माहितीपत्रक उघडायला दोन मिनिटं लागतात. बाजारात ५ डब्ल्यू म्हणून मिळणारी ऑइलं ढोबळ मानाने वीसच्या आसपास असतात, १० डब्ल्यूवाली तीस ते सत्तेचाळीसच्या पट्ट्यात, आणि २० डब्ल्यू म्हणून विकलेली साठ-पासष्टच्या पुढे.

आता इंजिन ऑइल याच मापाने बघा. १० डब्ल्यू-३० इंजिन ऑइल ४० अंशांना पासष्ट-सत्तरच्या घरात असतं. म्हणजे डब्यावर दहा लिहिलेलं असूनही ते फोर्कच्या हिशेबाने वीसवालं आहे. आणि मिस्तरीने ओतलेलं वीस-चाळीस? ते शंभराच्या वर जातं. १० डब्ल्यू फोर्क ऑइलच्या जवळपास तिप्पट. मनगटं का ठणकली ते यात आलं. शिवाय इंजिन ऑइलमध्ये काजळी धरून ठेवण्यासाठी डिटर्जंट घातलेला असतो, ज्याचा फोर्कला काडीचा उपयोग नाही. फोर्कमध्ये ऑइल आणि हवा एकाच नळीत सतत घुसळली जातात, त्यामुळे तिथे फेस न होणं महत्त्वाचं. फेस झाला की छिद्रातून ऑइलऐवजी बुडबुडे जातात आणि विरोध गायब होतो.

ताजं फोर्क ऑइल तालुक्याच्या ठिकाणी नेहमी मिळत नाही. देशभरच्या दुचाकींना शॉकअप पुरवणारी एन्ड्युरन्स कंपनी आपल्या वाळूजची, पण तिथून शंभर किलोमीटरवरच्या दुकानात फोर्क ऑइल मागितलं की 'कोणतं ऑइल?' असा उलट प्रश्न येतो. पर्याय आहेत. ट्रॅक्टर-जेसीबीच्या दुकानात हायड्रॉलिक ऑइल असतंच. त्याच्या डब्यावर व्हीजी ३२, व्हीजी ४६, व्हीजी ६८ असं लिहिलेलं असतं, आणि गंमत म्हणजे तो आकडा म्हणजेच ४० अंशांचा सेंटिस्टोक, दहा टक्के इकडेतिकडे. फोर्क ऑइलच्या नंबरापेक्षा हा नंबर कितीतरी प्रामाणिक. दुसरा पर्याय एटीएफ, म्हणजे पॉवर स्टीअरिंगला आणि ऑटोमॅटिक गिअरला लागणारं लाल ऑइल. ते साधारण पस्तीसच्या आसपास असतं. सत्तरच्या दशकातल्या होंडाच्या अनेक गाड्यांच्या पुस्तकातच फोर्कसाठी एटीएफ लिहिलेलं आहे, त्यामुळे ही काही जुगाडातली गोष्ट नाही. ब्रेक ऑइल मात्र चुकूनही नको. ते ग्लायकॉलचं असतं, वंगण म्हणून कुचकामी, आणि सांडलं तर टाकीचा रंग सोलून काढतं.

हायड्रॉलिक ऑइलची एक उणीव आपल्या भागात जाणवते. परभणीचं उदाहरण घ्या. मे महिन्यात पारा ४२-४३ वर, डिसेंबरच्या पहाटे १० च्याही खाली. साधं हायड्रॉलिक ऑइल १० अंशांना ४० अंशांपेक्षा चार-पाच पट दाट होतं. म्हणून हिवाळ्यात सकाळी दूध घालायला निघालेल्या माणसाला पुढचं चाक लाकडी वाटतं आणि दुपारी तीच गाडी मऊ चालते. तापमानाने दाटपणा किती बदलतो याचाही एक आकडा माहितीपत्रकात असतो, व्हिस्कॉसिटी इंडेक्स. साध्या हायड्रॉलिक ऑइलचा तो शंभरच्या आसपास असतो, चांगल्या एटीएफचा आणि फोर्क ऑइलचा दीडशेच्या पुढेही जातो. जितका जास्त तितकं ऑइल उन्हाथंडीत एकसारखं. दोन ऑइलं सेंटिस्टोकला सारखी असतील तर मी डोळे झाकून जास्त इंडेक्सवालं घेतो.

मग घ्यायचं कोणतं? पुस्तकात सांगितलेल्या ऑइलपासून सुरुवात करा आणि त्याचा सेंटिस्टोक काढा. पुस्तक हाताशी नसेल तर शंभर-सव्वाशे सीसीच्या हलक्या गाडीला तीस ते पंचेचाळीस, बुलेटसारख्या जड गाडीला पंचेचाळीस ते पासष्ट, हा माझ्या मते आपल्या रस्त्यांना मानवणारा पट्टा. संशय असेल तर पातळ बाजूला झुका. पातळ ऑइलची गाडी थोडी डुलते, पण चाक रस्ता सोडत नाही. जाड ऑइलची गाडी शोरूममध्ये छान वाटते आणि खडीवर उड्या मारते. मधलं माप हवं असेल तर एकाच कंपनीची, एकाच मालिकेतली दोन ऑइलं मिसळता येतात. फक्त ३० आणि ६० निम्मं-निम्मं घातलं की ४५ होत नाही, ४२ च्या आसपास होतं. पातळ ऑइल आपलं वजन जरा जास्त टाकतं.

उघडण्याआधी

सील गळतंय म्हणून लगेच फोर्क उतरवू नका. आपल्या काळ्या मातीचा चिखल पाईपवर वाळतो, त्याची कड सीलच्या ओठाखाली अडकते आणि तिथून ऑइल पाझरतं. डस्ट सील वर सरकवा, जुन्या एक्स-रेची बोटभर रुंद पट्टी कापा, तिचं टोक गोल करा आणि पाईप व सीलच्या मधे घालून हळूच गोल फिरवा. पट्टीवर काळी माती आली, पाईप पुसून चार वेळा दाबला आणि पाझर थांबला, तर तेवढ्यात काम झालं. चिखलातून आलेली गाडी पाईप धुतल्याशिवाय दाबून बघायची नाही, ही सवयही त्यासोबत लावून घ्या.

दुसरं, स्प्रिंग तपासा. पाईपवर एक केबल टाय बांधा, डस्ट सीलला टेकवा. पुढून गाडी उचलून फोर्क पूर्ण लांब झाला की टायचं अंतर मोजा, मग नेहमीच्या कपड्यांत गाडीवर बसा आणि परत मोजा. जेवढं खाली गेलं ते एकूण सरकण्याच्या पाव ते तिसऱ्या हिश्शापर्यंत असावं. सरकणं १२० मिमीचं असेल तर ३० ते ४० मिमी. पन्नासच्या पुढे गेलं तर स्प्रिंग बसली आहे किंवा गाडीवर तिच्या मानाने ओझं जास्त आहे. रबरी घड्यांचं कव्हर असलेल्या गाडीवर हे माप घ्यायला कव्हर वर सरकवावं लागतं.

उघडताना

क्रमाला इथे फार किंमत आहे. गाडी सेंटर स्टँडवर, इंजिनखाली लाकडी ठोकळा किंवा जॅक, पुढचं चाक हवेत. पाय टीमधून काढण्याआधीच, चाक जागेवर असताना, बॉटमच्या बुडाचा एलन बोल्ट अर्धा आटा सैल करा. का, ते असं. तो बोल्ट आतल्या डँपर रॉडमध्ये जातो. पाय बाहेर काढून बोल्ट फिरवला की दांडा त्याच्याबरोबर फिरत राहतो आणि बोल्ट काही निघत नाही. स्प्रिंगचा दाब असेपर्यंत दांडा दाबून धरलेला असतो, तेव्हाच बोल्ट सुटतो. एलनकी चांगल्या पोलादाची, पूर्ण आत बसलेली हवी, आणि त्याआधी बोल्टच्या खाचेतली माती सुईने टोकरून काढा. माती असताना की अर्धीच बसते, खाच गोल होते आणि मग ड्रिल मशीन शोधावं लागतं.

वरच्या झाकणाच्या बाबतीत, वरच्या टीचा आवळलेला बोल्ट आधी सैल करा. तो आवळलेला असताना पाईपचं तोंड दाबलेलं असतं, झाकण फिरवलं की आटे जातात. झाकण शेवटच्या आट्यांवर आलं की त्यावर जाड फडकं टाका, अंगाचं वजन द्या आणि तोंड बाजूला ठेवा. खाली स्प्रिंग दाबून बसलेली आहे. झाकण डोळ्याला लागलं तर ती इजा साधी नसते.

मग स्प्रिंग काढा. तिचे वेढे एका टोकाला दाट आणि दुसऱ्या टोकाला विरळ असतील तर वरचं टोक कोणतं ते तिथेच खूण करून ठेवा. पाय उलटा धरून पंधरा-वीस वेळा दाबून ऑइल गाळा. काय येतं ते नीट बघा. करडं, चकाकी असलेलं ऑइल म्हणजे ॲल्युमिनियम झिजून आलंय. दुधाळ असेल तर पाणी शिरलंय. आणि तळाशी जो काळा गाळ येतो, त्याचा वास एकदा घेतला की माणूस पुन्हा ऑइल बदलायला विसरत नाही.

बॉटमच्या तोंडातली तारेची क्लिप काढल्याशिवाय सीलला हात लावू नका. क्लिप गंजून मातीत बुजलेली असते, दिसतही नाही, आणि लोक टायर लिव्हरने सील उपटताना बॉटमची कड फोडतात. क्लिप निघाली की कडेवर फडकं ठेवून सील उचला. सगळे भाग डिझेल किंवा रॉकेलमध्ये धुवा, वाळवा. डँपर रॉडची छिद्रं उजेडात धरून बघा, त्यातून तार फिरवा. पण छिद्र मोठं करण्याचा मोह टाळा. मिलिमीटरभराचा फरकही सगळं वागणं बदलतो आणि तो परत घेता येत नाही.

पाईप

माझ्या मते अख्ख्या कामातला अर्धा वेळ इथे घालवायला हवा. पाईप स्वच्छ पुसा आणि अंगठ्याचं नख त्यावरून वर-खाली फिरवा. डोळ्याला न दिसणारा खड्डा नखाला अडतो. सील जिथे सरकतं त्या पट्ट्यात गंजाचा एकही खड्डा असेल तर नवं सील काही दिवसांतच फाटेल. खड्डा वर, टीच्या आत किंवा हेडलाइटच्या कानाखाली असेल तर चिंता नाही, सील तिथपर्यंत जातच नाही. पट्ट्यातला एखादा टाचणीच्या टोकाएवढा खड्डा दोन भागांचा इपॉक्सी भरून, वाळल्यावर पाण्यातल्या बारीक पॉलिश पेपरने सपाट करता येतो. चार-पाच खड्डे असतील तर पाईप बदला. पाईप मिळतच नसेल, म्हणजे जुन्या येझदीला असं होतं, तर जेसीबीच्या सिलिंडरचे रॉड ग्राइंड करून हार्ड क्रोम करणाऱ्या औद्योगिक वसाहतीतल्या वर्कशॉपला विचारा. तेच काम, तीच मशिनं. फक्त क्रोमनंतर मूळ मापापर्यंत ग्राइंड करून द्यायला सांगा, नाहीतर पाईप बॉटममध्ये शिरायचा नाही.

वाक बघायला पाईप जाड काचेवर ठेवून गडगडवा आणि खालची उजेडाची रेघ बघा. रेघ जाड-बारीक होत असेल तर पाईप वाकलाय. नक्की आकडा हवा असेल तर लेथवाल्याकडे डायल गेज असतो. साधारण ०.२ मिमीच्या पुढचा वाक मी चालवून घेत नाही. वाकलेला पाईप बॉटमला एका बाजूने घासतो, सील एका बाजूने झिजवतो, आणि छोट्या खड्ड्यांवर फोर्क अडकतो. त्याला कोणतंही ऑइल सोडवत नाही. बारीक वाक प्रेसवर निघतो. सुरकुती पडलेला पाईप मात्र भंगारात द्यावा, सरळ झाला तरी त्या जागी तो अर्धमेला असतो.

पाईप बॉटममध्ये घालून हलवून बघा. खटखट लागत असेल तर बुश, म्हणजे पाईप ज्यावर सरकतो ती कडी, झिजलाय. अनेक लहान गाड्यांत वेगळा बुशच नसतो, पाईप थेट ॲल्युमिनियमवर सरकतो. तिथे बॉटमच बदलावा लागतो. याचवेळी कोनसेटही, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते छर्रे आणि वाट्या, तपासून घ्या. पाय निघालेलेच आहेत, टी हाताने फिरवून बघा. मधोमध खाच लागत असेल तर छर्रे आणि वाट्या दोन्ही बदलायच्या, नुसते छर्रे घालून उपयोग नाही.

भरताना

नवं सील बसवताना त्याच्या ओठाला आणि पाईपला त्याच ऑइलचा हात फिरवा. सील वरून सरकवत असाल तर पाईपच्या कडेवर पातळ प्लास्टिकची पिशवी गुंडाळा, नाहीतर कडेने ओठ कापतो. आतली बारीक स्प्रिंग असलेली बाजू खाली, ऑइलकडे. ठोकायला सीलच्या मापाचा पीव्हीसी पाईपचा तुकडा घ्या आणि सगळीकडून सारखं बसवा. क्लिप आपल्या खाचेत 'टच' करून बसली की सील पुरतं खाली गेलं असं समजा. बुडाच्या बोल्टला नवा तांब्याचा वायसर आणि आट्यांवर थोडं थ्रेड लॉक (बोल्ट सैल होऊ न देणारा चिकट द्रव). जुना वायसर चपटा झालेला असतो. बुडातून ठिबकणाऱ्या निम्म्या फोर्कना तेवढंच दुखणं असतं.

ऑइल मिलीने भरा असं पुस्तक सांगतं, पण ते मोजून थांबू नका. फोर्क न खोलता नुसता ड्रेन स्क्रू काढून गाळलं तर आत जुनं ऑइल उरतं, म्हणून बऱ्याच पुस्तकांत दोन आकडे असतात, नुसतं बदलताना कमी आणि पूर्ण खोलल्यावर जास्त. खरं माप उंचीचं. स्प्रिंग बाहेर ठेवून पाय पूर्ण दाबा, दहा-पंधरा वेळा हळू वर-खाली करून बुडबुडे काढा, थोडा वेळ ठेवा, आणि पाईपच्या वरच्या कडेपासून ऑइल किती खाली आहे ते पट्टीने मोजा. नेमकं जमवायला सिरिंजला पातळ नळी लावा, नळीवर हव्या त्या अंतराची खूण करा, थोडं जास्त ऑइल भरा आणि खुणेपर्यंत ओढून घ्या. दोन्ही पायांत एकच अंतर हवं. साडेसव्वीस-सत्तावीस मिमी आतल्या व्यासाच्या पाईपमध्ये १० मिमीचा फरक म्हणजे पाच-सहा मिली ऑइल. एवढ्याशा फरकाने काय होतं, असं वाटेल.

होतं असं की ऑइलवरची हवाही स्प्रिंग आहे. समजा पाय पूर्ण दाबल्यावर हवेला १०० मिमी जागा उरते आणि फोर्क १०० मिमी सरकतो. स्प्रिंगने खाल्लेली जागा बाजूला ठेवली तर २०० मिमीची हवा १०० मिमीत कोंबली जाते, दाब दुप्पट. आता ऑइल २० मिमीने वर चढवलं तर १८० मिमीची हवा ८० मिमीत जाते, दाब सव्वादोनपट. बाहेरच्या हवेवरचा जास्तीचा दाब २५ टक्क्यांनी वाढला, आणि तो सगळा शेवटच्या टप्प्यात. सुरुवातीच्या मऊपणात फरक नाही, मोठ्या खड्ड्यात मात्र 'ठक' थांबतो. म्हणून गाडी बुडापर्यंत आपटत असेल तर ऑइल जाड करू नका, पाच-दहा मिमीने वर चढवा. पण हावरटपणाने भरत गेलात तर सील हवेच्या दाबानेच उलटतं.

आणि बसल्यावरच गाडी फार खाली जात असेल तर स्प्रिंगवर स्पेसर. पीव्हीसी पाईपचा सरळ कापलेला तुकडा, वर-खाली पोलादी वायसर. पूर्वी यासाठी पाच रुपयांची जाड नाणी वापरायचे, आजही जुने फोर्क उघडताना रिझर्व्ह बँकेची थोडी ठेव हाती लागते. स्पेसरने गाडी वर उचलली जाते, स्प्रिंग कडक होत नाही. दुधाचे कॅन मागे लादून फिरणाऱ्या गाडीला पुढे स्पेसर घालू नका. तिचं तोंड आधीच वर असतं, आणखी उचललं की हँडल हलकं पडतं.

बसवताना शेवटचा घोळ एक्सलवर होतो. दोन्ही पाय वर टीमध्ये सारख्या उंचीवर, खालची टी आवळलेली, चाक आत, एक्सलचा नट घट्ट, पण बॉटमवरचा एक्सल आवळणारा बोल्ट सैलच. गाडी खाली घ्या, ब्रेक धरून पुढचं तोंड पाच-सहा वेळा जोरात दाबा. पाय आपली जागा आपण शोधतात. मग तो बोल्ट आवळा. मडगार्डचे बोल्टही यानंतरच. मडगार्ड कधी ठोकर खाऊन वाकलेलं असतं, ते ओढून आवळलं की दोन पाय एकमेकांकडे खेचले जातात आणि नवे पाईप, नवं सील, महागडं ऑइल असूनही फोर्क अडकत अडकत सरकतो. चाक लावल्यावर ब्रेक आणि टायरवर ऑइलचा थेंब नाही ना, हे बघूनच गाडी रस्त्यावर काढा.

पहिली चक्कर ओळखीच्या रस्त्यावर मारा. काही बदलावंसं वाटलं तर एका वेळी एकच गोष्ट बदला, आधी ऑइलची उंची, मग स्पेसर, सगळ्यात शेवटी ऑइलचा दाटपणा. डायरीत कंपनी, सेंटिस्टोक आणि कडेपासूनचं अंतर लिहून ठेवा. दोन वर्षांनी ऑइल बदलायचंच, फारच धुळीत किंवा पाण्यातून गाडी जात असेल तर दर पावसाळ्यानंतर. काढलेलं ऑइल नालीत किंवा बांधावर ओतू नका, गॅरेजवाल्याच्या जुन्या ऑइलच्या ड्रममध्ये टाका. तिथून ते घेऊन जाणारे असतात.